हातोडा ऐकू आला का?

कार्यक्रम संपल्यावर एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, आधी घरी जाऊन लिहून काढायचं, असं आमच्या गटाने ठरवलं होतं. मोठी सिंफनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची रचना, ऐकून लोक बाहेर पडतात तेव्हा जिन्यावरच कुणीतरी खणखणीत आवाजात मत देऊन टाकतं, आणि फाटकापर्यंत पोहोचेतो ते सगळ्यांचं मत झालेलं असतं. या वेळी ते टाळायचं होतं. कार्यक्रमात गुस्ताव माहलर या ऑस्ट्रियन संगीतकाराची सहावी सिंफनी होती आणि तिच्याबद्दल खणखणीत मतं बाळगणारे आमच्यात मुळातच जास्त. प्रत्येकाने त्याच रात्री पानभर लिहायचं, माझ्याकडे पाठवायचं, मी सगळं जुळवून मांडायचं आणि मग एकत्र बसून भांडायचं, अशी योजना. जुळवाजुळव माझ्याकडे आली, कारण मला कुठलंही वाद्य येत नाही पण स्कोअर (सगळ्या वाद्यांची छापील स्वरलिपी) अडखळत का होईना वाचता येतो. म्हणजे मी कुठल्याच पक्षाची नाही, असा सर्वांचा समज.

गट दहा-बारा जणांचा. हौशी वाद्यवृंदात चेलो वाजवणाऱ्या एक बाई, एक निवृत्त स्थापत्य अभियंते, एक डॉक्टर, समूहगानात गाणारी एक मुलगी, तालवाद्यं शिकणारा एक विद्यार्थी, माहलरची ध्वनिमुद्रणं वर्षानुवर्षं जमवणारे दोघे (त्यांचं एकमेकांशी कशावरही पटत नाही), आणि आयुष्यात पहिल्यांदाच अख्खी सिंफनी ऐकायला निघालेलं एक तरुण जोडपं. उरलेले अधूनमधून येणारे. निम्म्यांनी आधी वाचून, ऐकून यायचं आणि निम्म्यांनी काहीही न वाचता यायचं, असंही ठरलं. पहिल्या गटाला आम्ही तयारीवाले म्हणायला लागलो, दुसऱ्याला कोरे. कोऱ्यांनी कार्यक्रमपत्रिकासुद्धा उघडायची नव्हती. हे त्यांनी पाळलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

लिहिताना काय लिहायचं हे सुचावं म्हणून मी चार साधे प्रश्न दिले होते. कुठे सावरून बसलात? मन कुठे भरकटलं? घड्याळ कधी पाहिलं? संपल्यावर सगळ्यात आधी मनात काय आलं? प्रश्नांत हातोड्याचं नावसुद्धा येऊ द्यायचं नाही, असं चेलोवाल्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं. ‘हातोडा ऐकून काय वाटलं असं विचारलंस की झालं,’ त्या म्हणाल्या, ‘मग सगळ्यांना तो ऐकू येणारच.’

तयारीवाल्यांना मात्र हातोडा टाळणं शक्यच नव्हतं. या सिंफनीवर काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या वाक्यात तो येतो. माहलरने ती १९०३ आणि १९०४ च्या उन्हाळ्यांत लिहिली आणि २७ मे १९०६ रोजी एसेन शहरात स्वतः तिचा पहिला प्रयोग केला. वाद्यवृंद अवाढव्य: आठ हॉर्न, सहा ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, ट्यूबा, सेलेस्टा हे किणकिणणारं पट्ट्यांचं वाद्य, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि शेवटच्या भागासाठी एक हातोडा. त्याचा आवाज आखूड, जोरकस पण बोदा हवा, धातूचा अजिबात नको, कुऱ्हाडीच्या घावासारखा हवा, असं स्कोअरमध्ये लिहिलेलं आहे. आधी घाव तीन होते. मग माहलरने तिसरा काढून टाकला. पुढे त्याच्या पत्नीने, आल्माने, आठवणी लिहिताना या तीन घावांचा संबंध नियतीने घातलेल्या तीन घावांशी जोडला आणि १९०७ सालच्या घटना त्याला चिकटल्या: थोरल्या मुलीचा मृत्यू, हृदयाच्या दुखण्याचं निदान, व्हिएन्नाच्या ऑपेरातून बाहेर पडणं. सिंफनी लिहून झाली त्यानंतर तीन वर्षांनी घडलेल्या या गोष्टी. तरीही एकदा वाचल्या की डोक्यातून जात नाहीत.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम विखरून बसलो. काही अगदी पुढे, काही बाल्कनीत, तरुण जोडपं आणि तालवाद्यांचा विद्यार्थी वाद्यवृंदाच्या मागच्या खुर्च्यांवर. मी मधल्या रांगांत. दुसऱ्या संध्याकाळी तोच कार्यक्रम पुन्हा होता, तेव्हा मीही मागे जाऊन बसले.

सुरुवात होते ती चेलो आणि डबल बासच्या पावलांनी. मागोमाग स्नेअर ड्रम. हा मार्च आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. तरुण जोडप्यातल्या मुलाने लिहिलं, ‘पहिल्याच मिनिटात पाय हलायला लागला. शेजारची माणसं पुतळ्यासारखी बसली होती म्हणून थांबवला. मग पुढे दहा मिनिटं मी संगीत ऐकतच नव्हतो, पाय सांभाळत होतो.’ आलेल्या सगळ्या पानांत मला हे वाक्य सर्वांत प्रामाणिक वाटतं. सभागृहात शरीर आवरायचं, हे शिकावं लागतं. ते शिकून झालेल्यांना ते शिकलं होतं याचीही आठवण राहत नाही. शिवाय ही शिस्त फार जुनीही नाही. एकोणिसाव्या शतकात सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या सर्रास वाजायच्या. आमच्याकडेही पहिला भाग ए मेजर या उजळ सुरावटीत दणदणीत संपला तेव्हा बाल्कनीतून टाळ्यांची एक छोटीशी सर आली आणि ओशाळून थांबली. जमवणाऱ्या दोघांनीही ती नोंदवली होती, एकाने ‘दुर्दैवाने’ असा शब्द घालून. डॉक्टरांनी लिहिलं, ‘टाळ्या वाजवणारी मीच. त्या जागी गप्प बसायचं असेल तर ते इतकं आनंदात संपवू नये.’

मार्चनंतर थोड्याच वेळात ट्रम्पेटांवर एक मेजर स्वरमेळ (एकत्र वाजणारे तीन स्वर) येतो आणि विरता विरता मायनर, म्हणजे काळवंडलेला, होतो. खाली टिंपनीवर, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांवर, एक ठाशीव लय. तीन स्वरांपैकी फक्त मधला स्वर अर्ध्या पायरीने खाली येतो, बाकीचे दोन जागेवरच राहतात. एवढंसं काम, पण उजेड गेल्यासारखं होतं. हीच खूण पुढे जागोजाग परत येते. कोऱ्यांपैकी कुणाला ती कळेल का, याची मला उत्सुकता होती. समूहगानातल्या मुलीने लगेच पकडली. ‘तो स्वरमेळ दरवेळी येतो आणि दरवेळी पडतो,’ एवढंच तिने लिहिलं होतं. बाकीच्या कोऱ्यांनी खुणेबद्दल काही लिहिलं नाही, पण त्यांनी ‘उदास झालं’ म्हणून सांगितलेल्या जागा मी स्कोअरवर शोधल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच स्वरमेळ निघाला. नाव माहीत नसताना परिणाम पोहोचला होता.

त्यानंतर व्हायोलिनांवर उसळत येणारी धून, जिच्यात आपण आल्माला पकडायचा प्रयत्न केलाय असं माहलर म्हणाला होता, हे पुन्हा आल्माच सांगते. तयारीवाल्यांच्या प्रत्येक पानावर या जागी ‘आल्मा’ लिहिलेलं होतं. एकानेही धून कशी होती हे लिहिलं नव्हतं. कोऱ्यांचं उलट. अभियंत्यांनी लिहिलं, ‘कुणीतरी फार मोठ्याने आनंदी आहे. थोडं जास्तच मोठ्याने.’ या धुनेबद्दल अनेक जाणकारांची नेमकी हीच तक्रार असते. अभियंत्यांना ते ठाऊक नव्हतं.

कंडक्टरने पहिल्या भागातली सुरुवातीची मांडणी स्कोअरमध्ये म्हटल्याप्रमाणे पुन्हा घेतली. जमवणाऱ्यांपैकी एक त्यावर खूश, दुसरा म्हणे वेळ दवडला. तरुण जोडप्यातल्या मुलीला ती सगळ्यात आवडलेली गोष्ट वाटली: ‘दुसऱ्यांदा तेच आलं तेव्हा मला रस्ता माहीत होता.’ ध्वनिमुद्रण नसलेल्या काळात पुनरावृत्ती कशासाठी असायची, याचं उत्तर तिच्या त्या एका ओळीत आहे.

घंटांचं प्रकरण निराळं. पहिल्या भागाच्या मध्यावर सगळा गोंगाट अचानक सरतो, व्हायोलिनं वर थरथरत राहतात, सेलेस्टा येते आणि दूर कुठेतरी गुरांच्या घंटा किणकिणतात. या घंटा चरणाऱ्या कळपाच्या वाटाव्यात, कधी एकत्र, कधी सुट्या, लांबून ऐकू येणाऱ्या, अशी माहलरची बारकाईची सूचना आहे. आणि त्या सूचनेतून कुठलीही कथा काढू नये, असंही त्याने लगोलग बजावलं आहे. आमच्यात काय झालं? डॉक्टरांना वाटलं, कुणाचा तरी फोन वाजतोय, म्हणून त्यांनी रागाने मागे पाहिलं. एकाला वाटलं, बाहेर काचसामान पडलं. अभियंत्यांना ‘खूप उंचावर आल्यासारखं’ वाटलं, घंटा म्हणून त्यांना ऐकूच आल्या नाहीत. तयारीवाल्यांनी मात्र एकजात डोंगर, कुरणं, एकांत वगैरे लिहिलं. कथा काढू नका असं सांगितलेलं त्यांनी वाचलं होतं, तरीही.

मधल्या दोन भागांचा क्रम हा या सिंफनीचा शंभर वर्षांचा वाद आहे. पहिल्या छापील आवृत्तीत स्केर्त्सो (उसळता, चपळ भाग) आधी आणि आंदान्ते (संथ भाग) नंतर होतं. पहिल्या प्रयोगाच्या वेळी माहलरने ते उलटं केलं आणि त्यानंतर स्वतः जेव्हा जेव्हा ती सादर केली तेव्हा आंदान्तेच आधी ठेवलं. त्याच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, आल्माने विलेम मेंगेलबर्ग या कंडक्टरला तार करून स्केर्त्सो आधी असं कळवलं. १९६३ च्या एर्विन राट्झ संपादित आवृत्तीने तोच क्रम अधिकृत ठरवला. २००३ साली माहलर सोसायटीने आपलं मत बदलून आंदान्ते-स्केर्त्सो हाच क्रम बरोबर असल्याचं जाहीर केलं. आज दोन्ही ऐकायला मिळतात. आमच्या कंडक्टरने आंदान्ते आधी घेतलं.

यावरून जमवणाऱ्यांपैकी एकाची संध्याकाळच बिघडली. त्याचं म्हणणं असं: स्केर्त्सो त्याच ए मायनरमध्ये, त्याच पाय आपटण्यात सुरू होतो, फक्त तीनच्या मापात. पहिल्या भागाच्या विजयानंतर लगेच तो आला की विजय खोटा होता हे कळतं. मध्ये पंधरा मिनिटं आंदान्ते घातलं की तो टोला बोथट होतो. वर आंदान्ते ई फ्लॅट मेजरमध्ये आणि शेवटचा भाग सी मायनरच्या अंधारात सुरू होणारा, म्हणजे दोघांचं सख्खं नातं. ते शेजारीशेजारी असलं की एक दुसऱ्यात उतरतो. हा युक्तिवाद मला पटतो. पण त्याच्या पानावर आंदान्तेबद्दल एक ओळही नव्हती, कारण ते चालू असताना तो मनात हाच खटला चालवत होता.

कोऱ्यांना क्रमाचा पत्ताच नव्हता. त्यांच्या सगळ्यांच्या पानांत आंदान्तेची दाद सर्वांत मोठी आणि सर्वांत धूसर. ‘खूप बरं वाटलं.’ ‘श्वास मोकळा झाला.’ ‘रडू आलं, का ते माहीत नाही.’ विद्यार्थ्याने लिहिलं, ‘झोप लागली, चांगली लागली.’ याहून जास्त कुणीच काही सांगू शकलं नाही, मीसुद्धा. त्रास देणाऱ्या संगीताबद्दल माणसं पानं भरतात आणि सुख देणाऱ्याबद्दल त्यांना तीन शब्द सुचतात. चेलोवाल्या बाईंनी मात्र शेवटच्या शिखरावर तंतुवाद्यांना किती लांब, न तुटणारी ओळ खेचावी लागते ते सविस्तर लिहिलं होतं. त्या ऐकत नव्हत्या, मनातल्या मनात वाजवत होत्या.

स्केर्त्सोवर फार काही आलं नाही. झायलोफोनची खडखड सगळ्यांना लक्षात राहिली. अधेमधे लय लंगडते, मापं बदलत जातात. आल्माच्या मते ती वाळूत अडखळत धावणाऱ्या मुलांची चित्रं. पण सिंफनी लिहिली जात होती तेव्हा थोरली अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती आणि धाकटीचा जन्मच जून १९०४ चा, हे मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा तयारीवाले जरा खट्टू झाले. डॉक्टरांनी तोवर लिहूनही टाकलं होतं: ‘हे कुणीतरी दुखऱ्या पायाने नाचतंय.’

आता शेवटचा भाग. सुमारे अर्धा तास, ८२२ मात्राखंड (स्कोअरमध्ये उभ्या रेघांनी पाडलेले ठरावीक मात्रांचे तुकडे). पहिला घाव ३३६ व्या मात्राखंडावर, दुसरा ४७९ व्या. दोन्ही वेळा संगीत एखाद्या मोठ्या विजयाकडे चढत असतं, आता पोहोचलोच असं वाटतं, आणि नेमक्या त्या जागी सूर भलतीकडे कोसळतो. हातोडा तिथे पडतो.

पानं समोर पसरून मी या दोन जागा शोधायला लागले तेव्हा जे निघालं त्याने मी चक्रावले. पुढच्या रांगांतल्या कोऱ्यांपैकी एकानेही हातोड्याचा आवाज नोंदवला नव्हता. अभियंते ट्रम्पेटवाल्यांच्या आडोशाला बसले होते. त्यांना तो दिसलाही नाही आणि ऐकूही आला नाही. मागच्या खुर्च्यांवरच्या जोडप्याने पानभर फक्त त्याचंच लिहिलं होतं, पण त्यांनी जे लिहिलं ते सगळं पाहिलेलं. एक माणूस सिंफनीभर शांत बसलाय, मग उठतो, एका मोठ्या लाकडी खोक्याजवळ जातो, प्रचंड मोगरी दोन्ही हातांनी डोक्यावर नेतो आणि थांबतो. ‘त्या थांबण्यात आम्ही एकमेकांचा हात धरला,’ असं मुलीने लिहिलं. आवाज कसा होता? ‘आठवत नाही.’ अभियंत्यांनी नंतर बैठकीत याचा हिशोब मांडला: तीस मीटरवर बसलेल्याला आवाज पोहोचायला साधारण ०.०९ सेकंद लागतो, पण मोगरी वर जाताना तो कितीतरी आधीपासून पाहत असतो. कान पोहोचायच्या आत डोळ्यांनी निकाल दिलेला असतो.

तयारीवाल्यांना मात्र तो आवाज ऐकू आला, अगदी खांबाआड बसलेल्यालाही. ‘अंगावर काटा’, ‘भयंकर’, ‘नियतीचा घाव’. मी स्वतः पहिल्या संध्याकाळी मधल्या रांगांत होते आणि माझ्या वहीतही ‘पोटात बसला’ असं लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी खोक्यापासून हाकेच्या अंतरावर बसून ऐकलं. तिथे तो खरंच जाणवतो, पण कानापेक्षा पायाखालच्या लाकडातून. आदल्या दिवशी मला पोटात बसलं ते नक्की काय होतं, हे मी आता छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि बाल्कनीत बसलेल्या डॉक्टर. त्यांनी शेवटचा भाग डोळे मिटून ऐकला होता. हातोड्याची त्यांना काहीच कल्पना नव्हती, दिसण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी लिहिलं, ‘दोन वेळा जमीन निघून गेली. काही वाजलं म्हणून नव्हे. जे येणार होतं ते आलं नाही म्हणून.’ जागा कुठल्या, हे मी त्यांना ध्वनिमुद्रण लावून दाखवायला सांगितलं. त्यांनी बरोबर ३३६ आणि ४७९ वर हात वर केला. म्हणजे घाव सुरांतच आहे. लाकडी खोकं नसतं तरी तो पडलाच असता.

तालवाद्यांचा विद्यार्थी हे मानायला तयार नव्हता. त्याच्या मते मोगरी उचलणाऱ्या माणसाचं ते थांबणंसुद्धा रचनेचाच भाग, आणि डोळे मिटून ऐकणाऱ्याने अर्धी सिंफनी गमावली. या मुद्द्यावर बैठक बराच वेळ अडकली. जुन्या वादाला आम्ही काही नवं घालत नव्हतो. जानेवारी १९०७ मध्ये ही सिंफनी व्हिएन्नात झाली तेव्हा तिथल्या एका विनोदी साप्ताहिकाने माहलरचं व्यंगचित्र छापलं होतं. भोवती नाना प्रकारची ठोकायची वाद्यं, आणि मोटारीचा भोंगा घ्यायचा राहिला म्हणून हळहळणारा माहलर. लोक तेव्हाही आधी सामान पाहत होते.

तिसरा घाव ७८३ व्या मात्राखंडावर होता. तो काढताना माहलरने तिथलं वाद्यलेखनही विरळ केलं. काही कंडक्टर तो परत घालतात. लिओनार्ड बर्नस्टाइन घालायचे. आमच्याकडे दोनच झाले. पण तयारीवाल्यांच्या पानांत ही जागा भरगच्च आहे. एकाने श्वास रोखला होता. एक जण खोक्याजवळच्या माणसाकडे टक लावून होता, तो उठतो का पाहायला. जमवणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, ‘न वाजलेला तिसरा घाव सर्वांत मोठा होता.’ वाक्य छान आहे. कोऱ्यांच्या पानांत त्या जागी काहीच नाही. त्यांच्यासाठी तिथे काही व्हायचं राहिलेलं नव्हतं. संगीत फक्त आणखी काळोखात गेलं.

मग शेवट. ट्रॉम्बोन आणि ट्यूबा खाली कुठेतरी पुटपुटत राहतात, सगळं आटत जातं, आणि संपलं असं वाटताना अख्खा वाद्यवृंद पूर्ण ताकदीने ए मायनरवर आदळतो. खाली टिंपनीची तीच लय. झाडून सगळे दचकले. दुसऱ्या संध्याकाळी मी खुर्चीचे हात घट्ट धरून, क्षण मोजत बसले होते, आणि तरीही जागच्या जागी उडाले. डॉक्टर म्हणाल्या की दचकणं मेंदूच्या फार खालच्या मजल्यावर ठरतं, तुमच्या वाचनाची तिथे डाळ शिजत नाही. तयारीवाले आणि कोरे यांच्यात सिंफनीभर जो फरक दिसत होता तो या एका ठोक्यावर पुसला गेला.

पण समूहगानातल्या मुलीने दचकल्यानंतरचंही ऐकलं होतं. ‘या वेळी आधीचा उजळ स्वरमेळ आलाच नाही. थेट पडलेलाच आला.’ अगदी खरं आहे. सिंफनीभर मेजरकडून मायनरकडे घसरणारी ती खूण शेवटी फक्त मायनर उरते, घसरायला वरची पायरीच नसते. मी हे स्कोअरमध्ये आधी पाहिलं होतं, पुस्तकात वाचलंही होतं. सभागृहात मात्र, दोन्ही संध्याकाळी, दचकण्याच्या भरात माझ्या कानांनी ते घेतलं नाही. काहीही न वाचलेल्या तिने घेतलं. आमच्या बैठकीत तिने हे वाचून दाखवलं तेव्हा जमवणारे दोघेही एकदाचे एका गोष्टीवर सहमत झाले: हिला पुढच्या वेळीही काही वाचू द्यायचं नाही.

त्यानंतरची शांतता किती लांब होती यावर एकमत नाही. पाच सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत अंदाज आले, आणि पुढे बसलेल्यांचे अंदाज जास्त लांब. मला वाटतं, त्यांना कंडक्टरचे वर धरलेले हात जवळून दिसत होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फार लवकर टाळी वाजवली. गटातले बरेच जण त्या माणसावर संतापले. ‘त्याला सहन झालं नसेल,’ असं तरुण जोडप्यातली मुलगी म्हणाली, आणि मग कुणी फारसं बोललं नाही.

अभियंत्यांचं एक सांगायचं राहिलं. त्यांना पूर्ण सिंफनीत कारखाना ऐकू आला होता: वाफ, पट्टे, ठोकणं, पाळी बदलणं. माणसाचं दुःख वगैरे काही नाही. पहिला प्रयोग एसेनमध्ये, म्हणजे क्रुपच्या पोलाद कारखान्यांच्या शहरात झाला हे बैठकीत समजल्यावर ते इतके खूश झाले की ती ऑस्ट्रियातल्या मायर्निगच्या तळ्याकाठी, झाडीतल्या एका खोपटात लिहिली गेली हे सांगायला मला जड गेलं. सांगितलं. ‘मग काय झालं,’ ते म्हणाले, ‘ऐकली तर एसेननेच ना?’

सगळ्यात कडक पान जमवणाऱ्यांपैकी दुसऱ्याचं होतं, आणि मी ते मुद्दाम शेवटी वाचायला ठेवलं होतं. तो गेली कित्येक वर्षं ही सिंफनी ऐकतोय. त्याने लिहिलं की त्याला काहीही झालं नाही. वाजवलं उत्तम, हातोडा दणदणीत, हॉर्न निर्दोष. पण शेवटच्या भागात पुन्हा पुन्हा तीच सुरुवात येते, तोच वर उसळणारा व्हायोलिनचा स्वर, तेच खाली येणं, आणि प्रत्येक चढणीला प्रत्येक वाद्याला जोर लावायला सांगितलेलं. ‘मला कुठे काय वाटायला हवं हे इतक्या वेळा सांगितलंय की मला स्वतःचं काही वाटायला जागाच राहिली नाही.’

मी त्याला डॉक्टरांचं पान दाखवलं. जमीन निघून गेल्याचं. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, त्यांना आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, मग त्रास सिंफनीचा आहे की तुझ्या कपाटातल्या ध्वनिमुद्रणांचा? तो म्हणाला, दोन्ही, आणि माहलरचाही, कारण ऐकणाऱ्यावर त्याचा विश्वास नाही. समूहगानातली मुलगी मध्येच म्हणाली की विश्वास नसता तर शेवटचा स्वरमेळ त्याने अर्धा ठेवला नसता. यावर तो गप्प झाला, पण पान बदलायला तयार झाला नाही. ते बदलावं असं मलाही वाटत नाही. पुढच्या बैठकीला स्केर्त्सो आधी असलेलं ध्वनिमुद्रण लावायचं ठरलंय. फक्त पहिले तीन भाग ऐकणार आणि मग उठून जाणार, असं त्याने आत्ताच सांगून ठेवलंय.